मदत हवी आहे: सात घरांत पाहुणे वाटायचे कसे? शनिवारी २४ जण येतायत

डोंगरकपारी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते आणि वरनं पाऊस चालूय. आम्ही सात घरांनी मिळून गेल्या वर्षीपासून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, जेवण मुक्काम सगळं, पहिला सीझन बरा गेला, आता कासची फुलं तोंडावर आलीत आणि तीन घरं म्हणतायत आम्ही यात नाही. शनिवारी पुण्याचा २४ जणांचा ग्रुप येतोय, ॲडव्हान्स घेऊन बसलोय. चार घरांत २४ माणसं मावत नाहीत. मला फक्त एवढंच सांगा, पाहुणे वाटपाचा काही सोपा फॉर्म्युला असतो का, म्हणजे दर शनिवारची कटकट मिटेल. मार्केटिंगचे सल्ले नकोत, गिऱ्हाईक हाय, घरंच नाहीत.

एमएच_अकरा:
गाव कुठलं? कास म्हणताय म्हणजे साताऱ्याच्या वरच्या अंगाला असणार, पण एकीव-आटाळीकडं का खाली बामणोलीकडं? आणि तीन घरं का फुटली ते लिहिलंच नाही.

डोंगरकपारी:
बामणोलीच्या पुढं, जावळी तालुका. गावाचं नाव नको, आमच्यातली पोरं पण हे वाचतात. का फुटली म्हणजे नेहमीचंच हो, भाऊबंदकी.

पुणेकर_वीकेंड:
टेंट लावा ना! घरांची गरजच काय. तळ्याकाठी २४ माणसांना १२ टेंट, शेकोटी, गिटार, वर एक ड्रोन शॉट. आम्ही लोक त्याचेच पैसे देतो. आणि एक झोका पाहिजे, दरीच्या तोंडावर, रील त्याच्यावरच होतात.

शिवसागर_बोट:
@पुणेकर_वीकेंड भावा ऑगस्टात जावळीत शेकोटी? आमच्याकडं चुलीतली लाकडं पेटेनात, तुझी गिटार फुगंल. आणि काठाची जागा कुणाची आहे, कुठवर पाणी येतं, जंगलखात्याची हद्द कुठं लागते हे न बघता टेंट ठोकले की दुसऱ्या दिवशी गार्ड दारात.
बाकी वासोट्याला जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, पावसाळ्यात किल्ला बंद असतो. उघडल्यावर बामणोलीतनं परवानगी काढायची, बोटीनं पलीकडं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, वर मुक्काम करता येत नाही. प्लॅस्टिक नेऊ नका.

डोंगरकपारी:
वासोट्याचं कुणी विचारलंय?? शनिवारचं सांगा.

निवृत्त_बँकर:
आधी कायदेशीर बाजू बघा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. जेवण देताय तर अन्न परवान्याची नोंदणी करा, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे. पाहुण्यांचं नाव, आधार, गाडीनंबर लिहिलेलं रजिस्टर ठेवा. परदेशी माणूस उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. घर बाईच्या नावानं नोंदलं तर 'आई' धोरणाखाली १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठराविक मर्यादेपर्यंत पर्यटन विभाग परत देतो. आता प्रश्न. दर किती, आणि पैसे कुणाच्या खात्यावर येतात?

सांगलीची_हळद:
सहकारी संस्था काढा, विषय संपला. आमच्या सांगली जिल्ह्यात साखर, दूध, द्राक्षं, सगळं सहकारावर उभं राहिलं. डेअरीत कसं, ज्याचं दूध त्याची फॅट, त्याच्या पासबुकात नोंद, दहा दिवसाला बिल. कुणी म्हणतं का माझ्या म्हशीला कमी बोलावलं?

कराडकाठ:
@सांगलीची_हळद म्हणत्यात की! सहकार म्हटलं की चेअरमन आला, चेअरमन आला की पॅनेल आलं, पॅनेल आलं की सात घरांचे दोन गट आणि मध्ये एक अपक्ष. शिवाय संस्थेच्या नोंदणीला निदान १० माणसं लागतात, ती पण वेगवेगळ्या कुटुंबांतली. ह्यांच्याकडं सात होती त्यातली तीन गेली.

सांगलीची_हळद:
चेष्टा सोपी असते. १९६० चा कायदा आहे, ऑडिट होतं, कुणाला खिशात घालता येत नाही. तोंडी कारभारात काय होतं ते वर दिसतंयच.

कराडकाठ:
ऑडिट होऊन बुडालेल्या पतसंस्थांची यादी देऊ का? माझ्या आईचे पैसे एकीत होते.

माणदेशी_मेंढका:
तुमचं बरंय राव, पाहुणे जास्त झाले म्हणून भांडताय. आमच्याकडं शिखर शिंगणापूरला चैत्रात लाखानं माणूस येतं, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला येतं, आणि दर्शन घेऊन त्याच गाडीनं परत जातं, मुक्कामाला कुणी थांबत नाही. मायणीच्या तलावावर पक्षी बघायला येणारे पण बिस्किटपुडा गाडीतच खाऊन जात्यात. कुणीतरी माण-खटावचा धागा काढा.

डोंगरकपारी:
दर १४०० माणशी, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, मुक्काम, सकाळचा नाष्टा. शाकाहारीत पिठलं, नाचणीची भाकरी, भात, आमटी. चिकन पाहिजे तर वेगळे पैसे. नोंदणीचं नंतर बघू. मला फॉर्म्युला द्या कुणीतरी.

एमएच_अकरा:
फॉर्म्युला तुमच्या शेजारीच आहे की. कासला भोवतालच्या गावांनी वनखात्याबरोबर समिती करूनच कारभार उभा केला. २०१२ ला जागतिक वारशात नाव आलं, त्याच्या आधीपासून गर्दी होतीच, फुलं तुडवत गाड्या वर चढायच्या. मग शुल्क, ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ३००० ची मर्यादा, गेटवर आणि गाइड म्हणून गावातलीच पोरं. समितीत सगळी गावं, पैसा एका खात्यात.

शिवसागर_बोट:
कासला सरकारी जमीन आणि एकच गेट. ह्यांच्याकडं सात चुली नि सात सासवा. तुलना करायचीच तर वडापशी करा. मेढ्याच्या स्टँडवर जीपला नंबर असतो का नसतो? पुढची भरल्याशिवाय मागची हलत नाही, मग मागच्या गाडीत मालकाचा मेव्हणा बसलेला असू दे. तसा घरांना नंबर लावा. नगरकडं अकोले तालुक्यात पुरुषवाडी आहे, जूनमध्ये काजवे बघायला लोक जातात, तिथंपण घरांना आळीपाळीनंच पाहुणे देतात.

कराडकाठ:
भिलार पण आहे की. २०१७ पासून पुस्तकांचं गाव, लोकांनी आपापल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या.

एमएच_अकरा:
भिलारला सरकार मागं होतं आणि एका बाजूला पाचगणी, दुसऱ्या बाजूला महाबळेश्वर. पुस्तकाला रात्री जेवायला लागत नाही आणि सकाळी संडास लागत नाही.

डोंगरकपारी:
हां! संडासवरच आडतंय ना सगळं. नंबर आम्ही लावून बघितला. तिसऱ्या शनिवारी मोडला. पुण्या-मुंबईची माणसं फोनवर पहिला प्रश्न विचारतात कमोड आहे का, आणि कमोड फक्त आमच्याकडं आणि शेजारच्या दोन घरांत. मग नंबर त्यांचा असला तरी पाहुणे इकडंच येणार, मी काय जबरदस्ती करू का. ज्यांच्याकडं नाही त्यांतलीच तीन घरं आता रुसलीत.

आक्का_पाटण:
म्हणजे भाऊबंदकी नव्हं, कमोड. हे पहिल्याच ओळीत लिवलं असतं तर दोन दिवस वाचलं असतं तुमचं. आणि बँकरकाकांनी विचारलंय ते परत विचारते, पैसे कुणाच्या खात्यावर?

डोंगरकपारी:
माझ्या फोनवर येतात, दुसऱ्या कुणाकडं यूपीआय नाही. म्हातारी माणसं आहेत, निम्म्या गावाला कुलूप, पोरं मुंबईला माथाडी. मी परत आलो म्हणून हे चालू झालं.

आक्का_पाटण:
आणि १४०० मधले घराला किती जातात?

डोंगरकपारी:
१२००.

निवृत्त_बँकर:
उरलेले २०० कुठे जातात, आणि ते त्या घरांना ठाऊक होतं का?

पुणेकर_वीकेंड:
एक विचारायचं होतं, टोपली कारवी सात वर्षांनी फुलते ना, मग यंदा आहे का? आणि कासचं बुकिंग वीकेंडला मिळत नाहीये, कुणाची ओळख आहे का?

डोंगरकपारी:
@निवृत्त_बँकर २०० माझे. बुकिंगचे. रात्री अकराला फोन उचलतो, रस्ता चुकलेल्यांना मेढ्यापासून गाडी घेऊन आणतो, एका ॲपवर टाकलं होतं ते २० टक्के कापत होतं, ते बंद करून मी गिऱ्हाईक धरलं. फुकट करू का? सांगितलं नव्हतं हे खरं. मे महिन्यात एका पाहुण्या बाईनं चुलतीच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं आम्ही १४०० भरले म्हणून. चुलती तेव्हा काही बोलली नाही.

कराडकाठ:
झालं. सापडला अपक्ष.

एमएच_अकरा:
असं टोचू नका. कुणीतरी फोन उचलायलाच पाहिजे आणि त्याचे पैसे घेतले तर चोरी नाही होत. साताऱ्यातला एजंट याच्यापेक्षा जास्त घेतो आणि वर हॉटेलवाल्याला दमात घेतो.

सांगलीची_हळद:
प्रश्न २०० चा नाही, चुलतीला ते बाहेरच्या बाईकडनं कळलं याचा आहे. म्हणून म्हणतेय संस्था काढा.

आक्का_पाटण:
संस्था जाऊ दे ताई, शनिवार चार दिवसांवर हाय. आमचं ऐका. पाटण तालुक्यात आम्ही अकरा बायकांचा बचतगट आहोत, सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला पावसाळ्यात माणूस लोटतं, त्यांची जेवणं आम्ही करतो, तीन घरांत मुक्कामाला ठेवतो. आमच्यातपण पहिल्या वर्षी हेच झालं. मग आम्ही झोप आणि जेवण वेगळं केलं. ज्याच्याकडं सोय त्याच्याकडं झोपू द्या, पण भाकरी थापायला कमोड लागत नाही! जेवण नंबरानं, आणि नंबर सुरू करायचा ज्यांना आजवर कमी मिळालं त्यांच्यापास्नं.
तुमच्या १४०० चं असं करा: जेवण-नाष्टा ७००, झोपायचे ४५०, फोन उचलणाऱ्याचे १५०, आणि १०० गावनिधी. २४ जणांचे ३३६०० झाले, त्यातले जेवणाचे १६८००. रुसलेली तीन घरं आणि एक तुमच्यातलं, अशा चार चुलींवर सहा-सहा माणसं, घराला ४२०० पडतात. गावनिधीचे २४०० दर वेळी बाजूला पडले की त्यातनं हळूहळू त्या घरांत कमोडची भांडी बसवा.
तवर मेडिकलवाल्याकडं कमोड खुर्ची मिळते, म्हाताऱ्या माणसांसाठी असते ती, साध्या भांड्यावर ठेवायची. साताऱ्यात मिळंल. आमच्या सासूबाईंसाठी आणलेली, तीच पहिल्या वर्षी पाहुण्यांना वापरली.
आणि वही. फोनात नाही, वही. आमची देवळात असते. कोण आलं, कुणाकडं जेवलं, किती दिले, दर रविवारी आरतीनंतर मोठ्यानं वाचायचं.

निवृत्त_बँकर:
गटाच्या नावाने बँकेत खातं आणि दोघींच्या सह्या, हे जोडा.

शिवसागर_बोट:
आक्का, कमोड खुर्ची म्हणजे लय भारी. माझ्या बोटीवर पण एक ठेवू का?

डोंगरकपारी:
शनिवारच्या आधी कोण वही वाचायला बसणार. आणि मागचा हिशोब काढला तर भांडणच होईल.

आक्का_पाटण:
भांडण व्हायचं राहिलंय व्हय अजून? मागचा सीझन कागदावर उतरवा. किती माणसं आली, कुणाकडं किती.

डोंगरकपारी:
काल रात्री जीपेची हिस्ट्री बघून काढलं. एकूण २१२ माणसं. आमच्याकडं ९६. बाकीच्या कमोडवाल्या दोघांकडं आणि आणखी एका घरात मिळून ८२. रुसलेल्या तिघांकडं १४, ११ आणि ९. मला वाटत होतं तिघांना मिळून साठ-सत्तर तरी गेली असतील. २०० प्रमाणे माझे ४२४००. त्यातलं पेट्रोल मी लिहून ठेवलेलं नाही.

कराडकाठ:
एवढं इथं लिहिलंत तेच खूप झालं. मघाशी टोचलो त्याबद्दल राग मानू नका.

माणदेशी_मेंढका:
आमच्या धाग्याचं काय झालं?

डोंगरकपारी:
अपडेट. बुधवारी देवळात बसलो. आकडे वाचून दाखवले. ९ वाल्या घरातले तात्या म्हणाले, मला वाटलं सातच होती. त्यावर हसले सगळे, मग अर्धा तास मला शिव्या पडल्या त्या वेगळ्या. पेट्रोलचा अंदाज धरून २०००० गावनिधीत टाकायचे कबूल केलेत, दोन हप्त्यांत. दोन घरं परत आली. एक नाही आलं, त्यांचं खरंच भाऊबंदकीचं आहे, बांधावरनं कोर्टात आहे, ते वहीनं मिटणारं नाही. कमोड खुर्च्या दोन आणल्या. शनिवारी २४ चे २६ झाले, ड्रायव्हर धरून, जेवण त्या दोन घरांनी आणि आमच्यातल्या दोघांनी उचललं, आमच्या चुलीला सुट्टी. पाहुण्यांनी रविवारी सकाळी चुलतीकडनं नाचणीचं पीठ विकत मागितलं, तिनं भाव मला विचारला नाही, स्वतःच सांगितला.

निवृत्त_बँकर:
छान. आता अन्न परवाना.

पुणेकर_वीकेंड:
कासचं बुकिंग मिळालं एकदाचं! पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतोय, तुमच्याकडे सोय होईल का? नंबर द्या ना.

डोंगरकपारी:
फोन आता चुलतीच्या सुनेकडं असतो, तिचा नंबर मेसेज करतो. मी सांगून ठेवतो, पण नंबराप्रमाणं जे घर येईल तिथं जेवायचं. आणि कमोड पाहिजे का ते आत्ताच सांगा.