माहितीपट वगळू नका
पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्कीच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे त्याच्या जुन्या फिल्म्स एकत्र दाखवणाऱ्या कार्यक्रमात, माहितीपट नुसते भरीला घातलेत, थेट ‘डेकालॉग’ या त्याच्या दहा भागांच्या कथामालिकेपासून बघा, हे कुणीतरी मांडलेलं मत काही पटलं नाही. तो माहितीपटांपासून दूर का गेला, ते १९८० च्या ‘स्टेशन’ या माहितीपटामागची हकिगत वाचली की कळतं. वॉर्सा सेंट्रल या रेल्वे स्टेशनवर प्रवाशांचं चित्रण चाललं होतं. एका रात्री पोलिसांनी रिळं उचलून नेली. आईचा खून करून तुकडे तिथल्या लॉकरमध्ये ठेवणारी मुलगी त्यांना त्यात शोधायची होती. ती दिसली नाही, रिळं परत मिळाली. पण दिसली असती तर आपण आपसूक पोलिसांचे खबरे झालो असतो, या विचाराने तो हादरला.

फिल्म जेमतेम १३ मिनिटांची आहे हो, चुकवू नका. आणि त्यानंतर त्याच्याच ‘रेड’ या कथाचित्रपटातला शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा म्हातारा न्यायाधीश बघा.