आधी पॅलेट मोजा, मग गाडी बुक करा (डी विंग ग्रुप, मुलुंड पूर्व)

अमोल (७०२): मंडळी, सल्ला हवाय. गणपतीआधी गाडी घ्यायची आहे. बजेट ऑन-रोड आठ-साडेआठ. ऑफिसला ट्रेनच, गाडी शनिवार-रविवारी आणि कुडाळला जायला. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून वॅगनआर डोक्यात आहे. उंच आहे, वाकून बसावं लागत नाही.

नेहा (४०१): घे डोळे झाकून. ३६५५ मिमी लांबी, आपल्या गल्लीत कुठेही वळते.

देशपांडे काका (सेक्रेटरी): अमोल, थांब जरा. तुझं पार्किंग पिटमधलं, म्हणजे आपल्या यांत्रिक पार्किंगच्या खालच्या खड्ड्यातलं ना? त्या पॅलेटच्या (गाडी उभी करायच्या सरकत्या लोखंडी फळीच्या) पाटीवर उंचीची मर्यादा १५५० मिमी लिहिली आहे. वॅगनआर १६७५. गाडी रस्त्यावर आणि पार्किंग रिकामं, असं व्हायचं.

अमोल: काय सांगता काका! एवढीशी गाडी बसत नाही?

देशपांडे काका: लांबीला बसते रे, डोक्याला लागते. डिझायर ३९९५ मिमी लांब, पण उंची १५२५, मजेत जाते. स्विफ्ट, बलेनो, आल्ट्रोझसुद्धा. पंच १६१५, नेक्सॉन १६२०, या नाही जात. शोरूमवाला हे सांगणार नाही, त्याला फक्त रंग विचारायचा असतो.

सावंत (५०३): माझं वरचं पॅलेट आहे, म्हणजे क्रेटा फिक्स 😀 नाहीतरी जीएसटी उतरलाय.

रोहन (६०४): सावंतसाहेब, उतरला तो सगळ्यांना सारखा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो तो चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, तेही पेट्रोल-सीएनजी इंजिन १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर. क्रेटा ४३३० मिमी, तिला ४० टक्के. शिवाय रोड टॅक्स. आपल्याकडे पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२. बारा लाखांची गाडी धरा, टॅक्सच १ लाख ४४ हजार. इन्शुरन्स वेगळा. जाहिरातीतल्या आकड्यावर घरी पेढे वाटू नका.

सावंत: सकाळी सकाळी मूड घालवलास.

नेहा: अमोल, सीएनजी घेणार असशील तर डिकी उघडून बघ. गणपतीला चौघांच्या बॅगा, येताना नारळ, कोकम आणि आत्याने दिलेलं काय काय. डिझायरमध्ये सिलिंडरच निम्मी जागा खातो. टाटावाले दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवतात, आल्ट्रोझला २१० लिटर जागा उरते. मी असते तर तीच घेतली असती.

नितीन (१०३): ईव्ही का नाही? अटल सेतूवर टोलही नाही.

देशपांडे काका: पॅलेट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतं. चार्जरची वायर कुठून नेणार? जनरल मीटिंगमध्ये यावर भांडून घसे बसलेत, आता नको.

सुलभा काकू (३०२): अमोल, आधी बाबांना शोरूमला ने. आमचे हे सेडानमध्ये बसतात व्यवस्थित, आधी टेकायचं, मग पाय आत. उतरताना मात्र मला हात धरून ओढावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला ड्रायव्हरच्या सीटवर सगळेच खूश असतात, त्यांना मागे बसव आणि दोनदा उतरायला लाव.

अमोल: काकू, तेच तर. काल शेजारच्यांच्या डिझायरमधून उतरताना बाबांनी छताचं हँडल पकडलं ते सोडेचनात. मला वॅगनआरच हवी हो.

नेहा: मग पार्किंग बदल ना कोणाशी! घाडगेंची होंडा सिटी वरच्या पॅलेटवर आहे. तिची उंची दीड मीटरपण नाही.

देशपांडे काका: होऊ शकतं. दोघांनी लेखी अर्ज द्यायचा, कमिटी मंजूर करेल. तोंडी नको, उद्या कोणी फ्लॅट विकला की वाद.

घाडगे (३०३): माझी हरकत नाही. पण पावसात पिटमध्ये पाणी भरतं ते? गेल्या जुलैत पंप बंद होता आणि खालच्या दोन गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी आलं होतं. पंप दुरुस्त करून, दुसरा स्टँडबाय बसवून द्या, लगेच सही करतो.

देशपांडे काका: स्टँडबाय पंपाचं कोटेशन आलेलं आहे. रविवारी कमिटीसमोर ठेवतो. अमोल, तोपर्यंत टोकन भरू नकोस.

सावंत: आणि वरच्या पॅलेटची वजनाची मर्यादा किती ते पण टाका कोणीतरी.