उन्हाळा सरताना: या सुट्टीत घरातल्या घरात काय लाभलं? (अनुभव धागा)

रामबागकर

मृग लागला. सकाळी ढग येतात, दुपारी पुन्हा लख्ख ऊन, संध्याकाळी वारा सुटतो आणि अख्खं इंदूर आभाळाकडे बघत बसतं. सोमवारपासून शाळा. दप्तरं धुऊन झाली, वह्यांना कव्हरं घालणं चालू आहे, धाकट्याचे बूट त्याला आता होत नाहीत.

या दिवसांत जो तो विचारतो, सुट्टीत कुठे गेला होतात? मला दुसरंच विचारायचंय. रोजच्या रामरगाड्यात, घराच्या चार भिंतींत, या उन्हाळ्यात असं काय लाभलं की देवापुढे हात जोडावेसे वाटले? आई, बाबा, आजी, आजोबा, ज्यांच्या घरात मुलं वाढताहेत किंवा वाढून मोठी झाली आहेत, त्या सगळ्यांनी लिहावं. चार ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मीच करते. मला लाभली ती आमची गच्ची. माळव्याचं पठार साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दिवसा कितीही भाजून निघालं तरी रात्री उशिरा वारा गार होतो. ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ते अगदी खरं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, खालच्या खोल्या तापलेल्या असायच्या. संध्याकाळी बाबा (सासरे) बादलीने गच्चीवर पाणी शिंपडायचे, मुलं गाद्या वर न्यायची, मग कोणी कोणाशेजारी झोपायचं यावर रोज वेगळा तह. जाऊबाईंची दोघं, माझी दोघं. सासूबाई त्यांना सप्तर्षी दाखवायच्या आणि दक्षिणेला विंचवाची नांगी.

माझी मोठी आता आठवीत जाईल. वर्षभर तिला काही विचारलं की “काही नाही, आई” एवढंच उत्तर. आणि या गच्चीवर, अंधारात, सगळे झोपल्यावर ती आपणहून बोलायला लागली. वर्गातल्या मैत्रिणीने बोलणं सोडलं ते, गणिताची वाटणारी भीती, शरीरात होणारे बदल. एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते म्हणून तिला सोपं गेलं असेल. मी फक्त हुं हुं करत होते. मध्येच तिने माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळावर ठेवला. मला याहून जास्त काही नको. त्या जुन्या घराला, पाणी शिंपडणाऱ्या सासऱ्यांना आणि एसी न घेण्याच्या आमच्या ऐपतीलासुद्धा मी मनापासून नमस्कार केला.

पीथमपूरची बस

मी पीथमपूरला कारखान्यात आहे, शिफ्टची नोकरी. शाळेच्या दिवसांत रात्रपाळी असली की मी घरी पोचतो तेव्हा मुलगा निघून गेलेला असतो, आणि तो येतो तेव्हा मी झोपलेला. कंपनीच्या बसमधून उतरलं की रिकामं घर.

सुट्टीत तो कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा. माझा डबा स्वतः घ्यायचा. मग आम्ही दोघं पोहे-जलेबीच्या दुकानावर. वाफेवरचे पोहे, वर शेव, कांदा, जीरावण मसाला, तो शेव दोनदा मागून घ्यायचा. तिथेच उभ्या उभ्या तो मला रात्री वाचलेली गोष्ट सांगायचा आणि मी त्याला मशीनचं सांगायचो. डाय म्हणजे काय, प्रेसखाली पत्र्याचा दरवाजा कसा होतो. एके दिवशी तो दुकानदाराला म्हणाला, “माझे बाबा गाडीचे दरवाजे बनवतात.” इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा अभिमान कोणी दिला नव्हता. रात्रभर उभं राहून पाय भरून यायचे, ते त्या कोपऱ्यापर्यंतच.

माई, लोकमान्यनगर

माझं वय पंच्याहत्तर. नातीने टाइप करून दिलं आहे.

गुडघ्यांमुळे कुरडया सोडल्या होत्या. विकतच्या आणायच्या, तळायच्या, झालं. यंदा वर्षाचा गहू भरताना सून म्हणाली, “आई, यंदा आपण करू या, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा.” मी आधी नको म्हटलं. कुरडई एका बाईचं काम नव्हे. गहू तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास पक्का बसतो. मग वाटायचा, फडक्यातून पिळून गाळायचा, सत्त्व, म्हणजे चीक, रात्रभर खाली बसू द्यायचं आणि पहाटे वरची निवळी हलक्या हाताने ओतून टाकायची. चीक शिजवणं हीच खरी परीक्षा. पाण्याला आधण आलं, मीठ-हिंग पडलं की एकाने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने क्षणभर न थांबता घोटायचं. हात थांबला की गुठळी.

घोटायला कोण उभं राहिलं असेल? माझा मुलगा. बँकेत अधिकारी आहे, त्या दिवशी रजा टाकली. बनियनवर, घामाघूम, पातेलं फडक्याने धरून घोटत होता आणि मला विचारत होता, “आई, झालं का? चमक आली का?” लहानपणी हाच गरम चिकाची वाटी घेऊन तूप-साखर मागत माझ्या पदराला धरून फिरायचा. आता त्याच्या मुलीने तशीच वाटी पुढे केली आणि त्याने तिच्या वाटीत तूप वाढलं. मग सगळे गच्चीवर. सुनेने सोऱ्या दाबला, नात काठी घेऊन कावळे हाकलत बसली.

सून माझ्यामागे माझी रीत शिकून घेते आहे, मुलगा बायकोच्या बरोबरीने चुलीपाशी उभा राहतो आहे, आणि हे बघायला देवाने मला ठेवलं आहे. याहून माणसाला काय हवं?

रामबागकर

माई, तुमचं लिखाण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या डोळे पुसत होत्या.

गाडीवाला आला

आमचं लहानसं. मुलगा चार वर्षांचा. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की तो अंथरुणातून उठून थेट डब्यांकडे. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. केळ्याचं साल कुठे जातं हे तो पाहुण्यांनाही सांगतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर येत राहिलं, त्याचं कौतुक देशभर होतं. मला कौतुक गाडीवरच्या ताईंचं वाटतं. त्या रोज थांबून त्याच्या हातून डबा घेतात आणि “शाबास, भैया” म्हणतात. सुट्टीभर त्याचा दिवस या शाबासकीने सुरू झाला. घराबाहेरची माणसं आपल्या मुलाशी मायेने वागतात, हे आईसाठी फार मोठं असतं.

निळी पिशवी

बरेच दिवस ठरवत होते, लिहू का नको. लिहिते.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. बोलतो, पण त्याला हवं असलेलंच मागतो. आपल्याला काही कळावं म्हणून बोलणं, हे त्याला जमत नव्हतं. थेरपीच्या ताईंनी सुचवलं की सुट्टीत त्याला रोज एकच काम द्या, त्याच वेळी, त्याच रस्त्याने. आम्ही दूध निवडलं. कोपऱ्यावरच्या सांचीच्या बूथवर जायचं, दुधाची निळी पिशवी घ्यायची, पैसे द्यायचे, उरलेले परत आणायचे.

सुरुवातीला मी बरोबर जायची. मग दहा पावलं मागे. मग फाटकापाशी उभी. समोरच्या काकू गॅलरीतून नजर ठेवायच्या, इस्त्रीवाले दादा त्याला “राम राम” करायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. बूथवाले भैया रांग असली तरी त्याची घाई करायचे नाहीत. त्याला मोजायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते देतात. आमची अख्खी गल्ली त्याच्या दुधाच्या वाटेवर उभी होती असं म्हणा ना.

मे संपत आला होता. तो रिकाम्या हाताने परत आला. मला वाटलं कोणी ओरडलं की काय, पोटात धस्स झालं. तो माझ्यासमोर उभा राहिला, नजर बाजूला, आणि म्हणाला, “आई, निळी नाही. संपली.”

बस. एवढंच. पण तो मला बातमी सांगत होता. मला माहीत नसलेलं काहीतरी त्याला माहीत होतं आणि ते मला कळायला हवं, हे त्याचं त्याला उमगलं होतं. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तो मात्र “चहा कसा?” म्हणून विचारत होता, तोही प्रश्न नवाच होता. त्या दिवशी आम्ही काळा चहा प्यायलो. पुढच्या बुधवारी खजराना गणपतीला गेले. मागायला नाही, नुसता नमस्कार करायला.

सुदामानगरचे आजोबा

निळी पिशवी, ताई, तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद. पुढचं थोडक्यात लिहितो.

मे महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन प्रकारचे थेंब, दोहोंच्या मध्ये दहा मिनिटं. नातवाने कालनिर्णयावर खुणांचा तक्ता केला आणि आपली ड्यूटी कोणाला दिली नाही. त्याचे मित्र खाली हाका मारायचे, तो ओरडून सांगायचा, “आजोबांचे थेंब झाले की येतो.” पट्टी निघाल्यावर त्याच्या गालावरचा तीळ मला स्पष्ट दिसला. धूसर झालेल्या डोळ्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

नळाची वेळ

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, पहाटे. माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय की नर्मदा इंदूरला आली ती १९७८ साली, आणि त्याआधीच्या उन्हाळ्यांत पाण्यासाठी काय काय करावं लागे. जलूदपासून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढून ते पाणी माझ्या हौदात पडतं. या सुट्टीत दोन्ही मुली माझ्याबरोबर पाणी भरायला उठायच्या. एकीच्या हातात पाइप, दुसरी झाडांना घालणार. आधी “नर्मदे हर” म्हणायचं, मग तोटी उघडायची, ही वडिलांची सवय. आता मुलीही न सांगता म्हणतात. वडील गेले त्याला फार दिवस झाले नाहीत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

जीरावणाची पुडी

मुलीला परवा पुण्याच्या गाडीत बसवून आलो. सीएची आर्टिकलशिप मिळाली आहे, आत्याकडे राहील. पुढे नोकरी, लग्न. इतकी मोठी सुट्टी ती या घरात पुन्हा काढेल असं वाटत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

पण सुट्टी काय सुंदर गेली! रोज रात्री चौघं एकत्र जेवलो, टीव्ही बंद. आमरस काढायचं काम यांच्याकडे. कोय पिळताना कोपरापर्यंत रस आणि मुलगी ती कोय पळवणार. भाऊ-बहिणीचं भांडण रोजचं, तरी तो रात्री तिच्या सायकलची हवा बघून ठेवायचा. सामान बांधताना तिने नवे कपडे बाजूला ठेवले आणि जीरावणाची पुडी, शेवेचं पाकीट, माझा जुना गाऊन आत टाकला. मी सुखी आई आहे. मुलीला जावंसं वाटतं आणि जाताना घर बरोबर न्यावंसंही वाटतं, दोन्ही माझ्या वाट्याला आलं.

नवी आई, राजेंद्रनगर

माझी मुलगी अजून वर्षाची नाही, तिने या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमरस चाटला. माझी आई नाही, सासूबाई गावी असतात. माईंचं वाचून फार वाटलं की आपल्यालाही हे यावं. माई, दोन-तीन माणसांच्या घरात कुरडई किती गव्हाची करावी? आणि सोऱ्या कोणता घेऊ?

माई, लोकमान्यनगर

बाळ, एक किलो गहू पुरे. सोऱ्या पितळेचा घे, जाड शेवेची ताटली असलेला. घोटायला नवऱ्याला उभं कर. आणि पहिल्यांदा एकटीने करू नकोस. अक्षय्य तृतीया झाली की गहू भिजत घालून चौथ्या दिवशी पहाटे आमच्याकडेच ये, लेकीलाही आण. नात म्हणते आहे की नंबर ती तुला वेगळा कळवेल.