ठाण्याचं जेल गावाबाहेर न्यायचं का? आधी भेटीला येणाऱ्यांचा विचार करा

घंटाळीकर:
ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह शहराबाहेर हलवा आणि ते ज्या जुन्या किल्ल्यात आहे तो मोकळा करा, ही मागणी पुन्हा पुन्हा निघते आणि लगेच सगळे माना डोलावतात. माझा याला विरोध आहे. आत एक माणूस असतो, पण बाहेर अख्खं घर खेटे घालत असतं. ठाणे स्टेशनवर उतरून या जेलपर्यंत चालत जाता येतं. आसनगावची बाई सकाळची लोकल पकडून येते, भेट घेते आणि दुपारी कामावर हजर होऊ शकते. हेच जेल नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहासारखं लांब गेलं, तर ठाण्याहून पनवेल लोकल, खारघरला उतरून रिक्षा, परत तेच. तिचा दिवसाचा रोज बुडाला.

माझा भाऊ काही महिने कच्चा कैदी होता, पुढे निर्दोष सुटला. कुठल्या जेलात ते सांगत नाही. भेटीला काचेपलीकडे तो, अलीकडे आम्ही, बोलायचं फोनवर. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि रिसीव्हरची वायर उजव्या कानापर्यंत पोचेना. शेजारी आणखी बारा जण आपापल्या माणसाशी ओरडून बोलत होते. मग रिसीव्हर मी धरला आणि तो काय म्हणतोय ते आईच्या कानात सांगत राहिले. तिने तीनदा एकच विचारलं, जेवतोस का. वेळ संपली. एवढ्यासाठी ती आठवडाभर थांबायची. त्या भेटीला पोचणंच जड करून ठेवणारा कुठलाही बदल मला नको.

दुर्गवेडा:
ताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण जागेचाही विचार करा. हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. जेल केलं ते इंग्रजांनी. नाशिकला इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध करणारे अनंत कान्हेरे आणि त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. ठाण्यातल्या शाळकरी पोराला ती जागा मनात येईल तेव्हा जाऊन बघता येत नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

दुसरं, या जेलची अधिकृत क्षमता अकराशेच्या आसपास आहे आणि आत तिच्या कितीतरी पट माणसं असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. जुन्या तटबंदीत वाढायला जागा नाही. नवी, मोकळी इमारत कैद्यांच्याच भल्याची आहे.

सुमेध ऐरोली:
दुर्गवेडा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं. माझ्या मावशीची चेन खेचली तेव्हा ती रस्त्यावर आपटली, खुब्याचं हाड मोडलं. ती आजही काठीशिवाय चालत नाही. तिला कोर्टात साक्षीला जायला रिक्षा कुणी दिली नाही. आरोपीच्या घरच्यांना भेट सोपी पडावी म्हणून शहराच्या मध्यावरची जागा अडवून ठेवायची, हे माझ्या पचनी पडत नाही. सोय बघायची तर आधी ज्याचं नुकसान झालं त्याची बघा.

वकील, कोर्टनाका:
सुमेध, साक्षीदारांचे हाल मी रोज बघतो. त्यांना येण्याजाण्याचा खर्च वेळेवर मिळायलाच हवा, त्यासाठी तुमच्यासोबत अर्ज करायला मी तयार आहे. पण एक लक्षात घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत शंभरातले सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायचाय.

आता जागेचं. ठाण्याचं जिल्हा न्यायालय जेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जेल लांब गेलं की प्रत्येक तारखेला गाडी हवी, बंदोबस्त हवा. आरोपीला कोर्टात आणणारी पोलीस पार्टी मिळाली नाही की आरोपी येत नाही आणि पुढची तारीख पडते. त्या दिवशी तुमच्या मावशीसारखा साक्षीदारसुद्धा हात हलवत परत जातो. व्हिडिओवर हजर करतात, पण पडद्यावर नुसतं नाव पुकारून घेतल्यावर आरोपी वकिलाशी काय बोलणार? कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं मिळाली तरी मला केसची खरी माहिती कळते.

नव्या इमारतीबद्दलही बोलतो. तळोजा कारागृह २००८ मध्ये सुरू झालं. ठाण्याची गर्दी हटली का?

आतून आलेला:
मी काही महिने आत राहिलोय, म्हणून लिहितो. घंटाळीकर ताईंचं भेटीबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं आहे. तरी माझं मत हलवा असंच आहे. रात्री बराकीत आम्ही एका कुशीवर झोपायचो. एकाने कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांना बदलावी लागायची. संडासासाठी पहाटे तीनला उठून नंबर लावायचा. उन्हाळ्यात अंगावर घामोळं नाही असा माणूस नव्हता. वकीलसाहेब, कोर्ट जवळ असून काय करू, तारीख महिन्यातून एकदा आणि झोपायचं रोज.

माझी बायको लांबून यायची, तिचे हाल झाले हे मान्य. तिला विचारलं तर ती तुमच्या बाजूने बोलेल.

घंटाळीकर:
दादा, तुमच्यापुढे मी वाद घालू शकत नाही, ते तुम्ही सोसलंय. पण गर्दीचं कारण इमारत आहे हे मला मान्य नाही. जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून माणसं आत राहतात. भावाच्या बराकीत असा एक पोरगा होता. पंधरा हजारांचा जामीनदार नाही म्हणून बसून होता. त्याला नवी भिंत बांधून काय मिळणार?

वकील, कोर्टनाका:
याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्देश दिलेत. जामिनाचा आदेश ईमेलने कारागृहाकडे जायला हवा, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला हवं. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केस असलेले त्यातून वगळलेत. हे नीट राबवा, मग किती बराकी लागतात ते मोजा.

दुर्गवेडा:
कायदा राबवाच, पण म्हणून किल्ला आणखी पन्नास वर्षं बंद ठेवायचा हे मला पटत नाही. जवळच्या स्टेशनपासून सरकारी बस द्या, नव्या जेलच्या आवारात कोर्टाची खोली द्या, मग हलवा. या अटी मला मान्य आहेत.

घंटाळीकर:
बस आणि कोर्ट आधी चालू झालेलं दिसू दे. मग मी माझा विरोध मागे घेईन. नुसत्या आश्वासनावर नाही. तोवर फाशीची जागा ठरलेल्या दिवशी शाळांना दाखवायची मागणी तुम्ही करा, मी सही करते.

कळव्याची सून:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या दिरांना परवा कोठडी झाली. सासूबाईंना भेटीला न्यायचंय. वकील करायला पैसे नाहीत. काय करू?

वकील, कोर्टनाका:
ताई, कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. आधी ते पोलीस कोठडीत आहेत की न्यायालयीन, हे तपास अधिकाऱ्याला विचारून घ्या. जेलमधली भेट न्यायालयीन कोठडीत गेल्यावरच. तेव्हा दोघींची आधारकार्डं घेऊन जा आणि भेटीचा वार-वेळ आधी गेटवर विचारून ठेवा. सासूबाईंना प्रवास झेपत नसेल तर ई-मुलाकातची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची, नोंदणी मोबाइलवरून होते.

घंटाळीकर:
आणि सासूबाईंना कमी ऐकू येत असेल तर आत शिरतानाच तसं सांगा, आणि रिसीव्हर तुम्ही धरा.