शब्दचर्चा : चुन्याचा घाणा की चुन्याची घाणी?

माळवद : तिकोना किल्ल्यावर चुना रगडायचा दगडी गोल चर आणि भलंमोठं दगडी चाक आहे. अशा ठिकाणी कुणी ‘घाणा’ म्हणतं, कुणी ‘घाणी’. नेमकं काय? तेलाच्या घाण्यात लाट (जाड लाकडी दांडा) असते, इथे तर चाक.

कोरीव : दोन्ही रूपं रूढ आहेत. शब्दाला अर्थही दोन : रगडायचं साधन आणि एका वेळी त्यात घातलेला माल. पुऱ्यांचा ‘पहिला घाणा’ काढतो तो हाच दुसरा अर्थ. चराच्या मधोमध खुंटा, त्याला आडवा दांडा, दांड्यात ओवलेलं चाक. बैल फिरला की चाक चरातून फिरतं. चुना कडेला चढतो, म्हणून मागून एक माणूस फावड्याने तो पुन्हा मध्ये ओढतो.

माळवद : मग ‘चुना मळणे’ आणि ‘चुना रगडणे’ एकच का?

भट्टीवाला : मुळीच नाही, आणि हा फरक जपायलाच हवा. आधी क्रम बघा. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. शुद्ध चुनखडी 100 किलो असेल तर कळी 56 किलोच उरते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कळी पाण्यात टाकली की उकळी फुटते, चुना विरतो. हे ‘विरवणे’. घाई केली तर न विरलेले खडे आत राहतात, ते भिंतीत गेल्यावर ओल लागून फुगतात आणि गिलाव्याचे टवके उडवतात. विरलेला चुना एक भाग, वाळू दोन भाग, असं फावड्याने कालवणं म्हणजे मळणे. चाकाखाली घालून गुठळ्या मोडणं, वाळूच्या कणाकणाला चुना चोपडणं म्हणजे रगडणे. पाणी बेतानेच घालायचं. सैल चुना वाळताना आकसतो आणि सांध्यात चिरा पडतात.

कोरीव : सुरखीचाही उल्लेख हवा. भाजक्या विटांची ही पूड. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात त्याला वर्षानुवर्षं लागतात. सुरखी चुन्याशीच संयोग पावते, म्हणून हौद-टाक्यांसारख्या ओल्या जागीही चुना धरतो. मात्र सुरखीची घाणी ताजीच वापरावी लागते. निव्वळ विरलेला चुना पाण्याखाली महिनोन्‌महिने टिकतो.

माळवद : आणि चुन्यात गूळ घालतात तो कशाला?

भट्टीवाला : गुळाच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो, माल लोण्यासारखा होतो. पण गूळ जास्त झाला तर घट्ट व्हायला फार उशीर. गूळ घातला म्हणून रगडण्यात कसर केलेली चालत नाही. विजापूरचा गोलघुमट 1656 चा; आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा तो घुमट विटा आणि चुन्याच्या जाड थरांवर उभा आहे. तिथे सगळी भिस्त चुन्यावरच.

कोरीव : तेव्हा नोंद अशी करू या : घाणा (पु.), घाणी (स्त्री.) – चुना रगडण्याचं चाक-चराचं साधन, त्यात एका वेळी रगडलेला चुना. क्रियापद ‘रगडणे’, ‘मळणे’ नव्हे.