कुलरखालच्या मातीतील स्प्रिंगटेल: तिप्पट वर्धनावर छायाचित्र धुरकट येते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपुरात उन्हाळाभर कुलर चालतो आणि त्याच्या टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याने खिडकीखालची काळी माती भर मे महिन्यातही ओली राहते, हे येथील लोकांना सांगायला नको. याच ओल्या पट्ट्यात, मोगऱ्याच्या कुंडीजवळ पडलेली नारळाची करवंटी मी उचलली, तेव्हा तिच्या आतल्या अंगाला राखाडी ठिपके सरकताना दिसले आणि जवळ वाकून श्वास सोडताच त्यांतील निम्मे दिसेनासे झाले. ते स्प्रिंगटेल होते. पोटाखाली दुमडून अडकवलेला दुशाखी काटा सुटला की हे जीव स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट दूर फेकले जातात. (सहा पाय असूनही त्यांना आता कीटकांत धरत नाहीत, कारण त्यांची मुखांगे डोक्याच्या आत झाकलेली असतात; तरी सवयीने मी 'किडा' म्हणालो तर सांभाळून घ्यावे.) पाऊस लागल्यापासून ते अंगणभर झाले आहेत.

माझ्याकडे जुना कॅनन ६००डी, १८-५५ची किट लेन्स, ५८ मिलिमीटरची रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवण्याची कडी) आणि हाताने ताकद ठरवावी लागणारा एक साधा फ्लॅश एवढेच सामान आहे. लेन्स उलटी लावून १८ मिलिमीटरवर ठेवतो. पोलादी पट्टीचे छायाचित्र काढून पाहिले, तेव्हा चौकटीच्या रुंदीत सात मिलिमीटर मावले, सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद असल्याने हे तिपटीहून थोडे अधिक वर्धन झाले. उलट्या लेन्सचे छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही, म्हणून आधी ती सरळ लावून एफ/१६ (आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक) निवडतो, डेप्थ ऑफ फील्डचे बटण (छिद्र निवडलेल्या मापाला मिटवणारे) दाबून धरतो आणि ते दाबलेले असतानाच लेन्स काढून घेतो, म्हणजे पाती मिटलेलीच राहतात. शटर १/२००, आयएसओ ४००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/४.

अडचण अशी की, दीड-दोन मिलिमीटरचा किडा चौकटीत पुरेसा मोठा दिसतो, फोकस नेमका डोक्यावर असल्याचे आजूबाजूच्या मातीच्या कणांवरून कळते, आणि तरीही चित्रावर कुणी दुधाची साय पसरवल्यासारखे वाटते. या प्राण्यांच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त आठ साधे डोळे असतात आणि ते एका गडद डागात बसवलेले असतात. मला ते डोळे सुटे दिसायला हवे आहेत; माझ्या छायाचित्रांत मात्र तो शाईचा एक थेंब आहे. शिवाय खवले असलेल्या जातींच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा चट्टा उमटतो, तो वेगळाच.

बर्डीवरील (सीताबर्डी बाजारातील) एका दुकानदाराने या लेन्सने हे काम होणारच नाही असे ठामपणे सांगून खरी मॅक्रो लेन्स दाखवली. तिची किंमत ऐकून मी सायकलवर बसलो. दोष खरोखर सामानाचा आहे की माझ्या पद्धतीचा? आणि किडे काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करावेत असे काही जण सुचवतात, ते करावे का? मनाला पटत नाही, म्हणून विचारतो.

प्रतिसाद

नमस्कार. दुकानदाराचे राहू द्या. दोष एफ/१६ चा आहे. तिप्पट वर्धनावर छिद्र प्रत्यक्षात लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास चौपट आकड्यासारखे वागते, म्हणजे तुम्ही साधारण एफ/६४ वर छायाचित्रे काढत आहात. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि तुमची साय तीच आहे. एफ/८ किंवा एफ/५.६ करून पाहा. फोकसची खोली एफ/८ ला जेमतेम एक दशांश मिलिमीटर उरेल, हे खरे. पण तुम्हाला हवा आहे तो डोळ्यांचा डाग, आख्खा प्राणी नव्हे. पुढे कधी स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे एकत्र जोडणे) केलेत तर आख्खाही मिळेल.

याचा आणखी एक लाभ असा की, एफ/१६ वरून एफ/८ वर आल्यास प्रकाश चौपट मिळतो, त्यामुळे फ्लॅश १/४ वरून १/१६ वर आणता येतो, आणि ताकद जितकी कमी तितकी त्याची चमक अल्पकाळ टिकत असल्याने सरकणारा किडाही थिजल्यासारखा येतो. चट्ट्यावर उपाय म्हणजे मऊ प्रकाश. बटर पेपरचे दोन पदर लेन्सच्या टोकावर छतासारखे वाकवून फ्लॅश त्यांच्या पलीकडे राहील असे करा. कागद किड्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. तुमची लेन्स किड्यापासून चारेक सेंटिमीटरवरच येत असणार, तेव्हा कागदाची सावली पडणार नाही एवढे पाहा.

फोकसची रिंग फिरवू नका. कुजलेले पान डाव्या हाताच्या चिमटीत धरा, लेन्सचे टोक त्याच हातावर टेकवा आणि पानच किंचित पुढेमागे करा. हात थरथरला तरी दोन्ही एकत्र थरथरतात. श्वास बाजूला सोडा, हे तुम्ही शिकलाच आहात.

फ्रिज नको. नागपूरच्या पावसाळी दमट हवेत थंड प्राणी बाहेर काढला की त्याच्यावर दव धरते आणि तुम्हाला पाण्याच्या थेंबांची छायाचित्रे मिळतात. त्याऐवजी कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू द्या. यांची त्वचा पाण्याने भिजत नाही, त्यामुळे ते पृष्ठभागावर तरंगतात आणि सपाट पाण्यावर फोकस धरणे ओबडधोबड मातीपेक्षा पुष्कळ सोपे जाते.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. एफ/५.६ आणि बटर पेपर यांवर दोन संध्याकाळी घालवल्या. ऐंशी छायाचित्रांपैकी चार ठेवण्याजोगी निघाली. त्यांतील एकात, थाळीतल्या पाण्यावर थांबलेल्या एका लांबट स्प्रिंगटेलच्या डोळ्याच्या डागात सहा मणी, म्हणजे साधे डोळे, सुटे मोजता आले. या गटात उरलेले दोन आकाराने लहान असतात असे वाचले आहे, त्यामुळे आता एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांमध्ये बसणारी पोकळ नळी) लावून वर्धन थोडे वाढवून पाहतो. थाळीतले पाणी मात्र रोज बदलावे लागते, नाहीतर डासांच्या अळ्या आधी हजर होतात.