बीबॉप आणि मोडल जॅझ: ऐकताना फरक कसा ओळखायचा?

प्रश्न: सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं बीबॉप ऐकताना माझीच दमछाक होते, पण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा मोडल अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' कितीही वेळ ऐकवतो. दोन्ही जॅझच ना? मी पेटी वाजवते, त्या अंगाने कुणी सांगेल का?

उत्तर १: बीबॉप १९४०च्या दशकात न्यूयॉर्कला घडलं, हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी, रात्रीच्या जॅममधून (वादक जमून उत्स्फूर्त वाजवायचे, त्यातून). कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भराभर बदलतात आणि सोलोवाल्याला (एकट्याने उत्स्फूर्त वाजवणाऱ्याला) प्रत्येक कॉर्ड गाठावी लागते. आधीच्या स्विंग जॅझवर लोक नाचायचे, हे बसून ऐकायचं.

उत्तर २: ताई, पेटी काढाच. पांढरी दोनला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा डी डोरियन मोड (मोड म्हणजे ठरावीक सुरांचा संच), म्हणजे काफी थाटाचे सूर (राग नव्हे, नुसते सूर). आता 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट' लावा: १६ बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) हेच, पुढचे ८ बार सा काळी दोनवर, शेवटचे ८ परत खाली. कॉर्डची धावपळच नाही, म्हणून वादकाला सुरावर रेंगाळता येतं. मोडल जॅझचं हे सौंदर्य मला फार प्रिय आहे.

प्रश्नकर्ती: वाजवलं! सतराव्या बारला सा चढला तो स्पष्ट कळला. आता त्यातल्या सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचा सोलो मोजत ऐकते.